छत्तीस तास आणि चारशे वडे

बाबासाहेबांच्या जयंतीच्या समितीवर नऊ जण होते आणि नऊच्या नऊ जण गाड्यांच्याच धंद्यात होते. कुणी सस्पेन्शन बघायचं, कुणी सीटबेल्ट, आणि एक जण गेली सहा वर्षं फक्त डाव्या बाजूच्या आरशावर काम करत होता. राकेश रामटेके वायरिंगमधला. अध्यक्ष मीरा वासनिक प्रोग्रॅम मॅनेजर, म्हणजे यातलं तिला काही करता येत नसे, पण ते कधी पूर्ण होणार हे फक्त तिलाच माहीत असे. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमध्ये एवढी माणसं एका गल्लीतसुद्धा सापडतात. तेव्हा एका जुन्या मिनीव्हॅनला निळा रंग देणं या मंडळींना जड जाण्याचं काही कारण नव्हतं.

रंगांच्या रसायनशास्त्रात पीएचडी केलेली आणि अकरा वर्षं गाड्यांच्याच रंगांच्या लॅबमध्ये नोकरी करणारी एक बाईही समितीच्या पहिल्या बैठकीला हजर होती. ती राकेशची बायको, प्रणिता. तिच्याकडे खीर दिली होती.

व्हॅन भानुदासकाकांची. भानुदास गजभिये नागपूरहून ब्याऐंशी साली आले आणि एकतीस वर्षं एका पार्ट्सच्या प्लँटमध्ये राबले. नागपूर, अमरावती, भंडाऱ्याकडून कुणी नवं पोरगं शिकायला किंवा नोकरीला येतंय असं कळलं, की काका ही पांढरी व्हॅन घेऊन डेट्रॉइटच्या विमानतळावर हजर. सात जणांच्या गाडीत एकदा अकरा जण आणि बावीस बॅगा आल्या होत्या, असं ते अकराही जण सांगतात. समितीतल्या प्रत्येकानं अमेरिका पहिल्यांदा पाहिली ती याच व्हॅनच्या काचेतून. प्रणिता जानेवारीत आली होती, पायांत सँडल घालून. काकांनी काही न बोलता ग्लव्ह बॉक्स उघडून लोकरीच्या मोज्यांचा नवा जोड तिच्या हातात दिला होता. तिथे असे पाच-सहा जोड कायम असत. हवामानाचा अंदाज पाहून कुणी येत नाही, असा काकांचा अनुभव होता.

आता काका शहात्तर वर्षांचे. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की एप्रिलनंतर लायसन्स विसरा. मुलगी नीना त्यांना मिनेसोटात, ईडन प्रेरीला, आपल्या घरी नेणार होती. विमान रविवारी सकाळचं. जयंतीची रॅली त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी अकराला. व्हॅन काकांनी या मंडळींच्या ग्रुपला देऊन टाकली होती. मागच्या सीट काढून तिथे फडताळं बसवायची आणि बाबासाहेबांच्या पुस्तकांचं फिरतं वाचनालय करायचं असं ठरलं होतं. बदल्यात त्यांनी एकच मागितलं. शाळेच्या पार्किंगपासून कम्युनिटी हॉलपर्यंत, अर्धा मैल, रॅलीच्या पुढे ही व्हॅन ते स्वतः चालवणार. आणि ती निळी असावी. त्यानंतर किल्ली ठेवून देणार.

बैठकीत काकांनीच विचारलं, रंगाचं कोण बघतंय. नऊ इंजिनिअरांनी एकमेकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "अरे, ही बसलीय ना."

अशा रीतीनं प्रणिताची तांत्रिक सल्लागार म्हणून नेमणूक झाली. हे पद मोठं मानाचं असतं. सल्ला इतिवृत्तात लिहून घेतला जातो आणि मग तो तिथेच सुखानं राहतो. खीरही तिच्याकडेच राहिली.

पहिले पाच आठवडे निळा म्हणजे नक्की कोणता निळा, यात गेले. एक्केचाळीस नमुने आले. ग्रुपवर तीनदा मतदान झालं. आरशावाल्यानं निळ्या रंगाच्या तरंगलांबीवर बारा स्लाइड्स दाखवल्या, त्यातल्या चार बरोबर होत्या. शेवटी काकांनी पहिल्याच दिवशी ज्यावर बोट ठेवलं होतं तोच निळा एकमतानं मंजूर झाला. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच, असं तेव्हा प्रणिताला वाटलं होतं. तेल अजून यायचं होतं.

मिशिगनमधल्या गाड्या म्हाताऱ्या होत नाहीत, गंजतात. दर हिवाळ्यात रस्त्यावर ओतलेलं मीठ त्यांना खालून खात येतं. दोन शनिवार-रविवार प्रणितानं काकांच्या गॅरेजमध्ये बसून तो गंज घासून काढला. काका स्टूल टाकून शेजारी बसत, हात मागे बांधून. प्लँटमधली सवय. दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही.

"टिकेल ना?" ते एकदा म्हणाले.

"दहा वर्षं," ती म्हणाली. ती सहसा असे आकडे देत नसे. पण गंज नीट निघाला होता, रंगाखालचा राखाडी प्रायमर चांगला होता आणि वेळापत्रक तिनं स्वतः केलं होतं. बुधवारी संध्याकाळी प्रायमरचे दोन हात. गुरुवारी वाळवण. शुक्रवारी घासणी आणि निळा.

बुधवारी संध्याकाळी प्रणिता-राकेशच्या मुलीच्या, अनिकाच्या, शाळेत ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. प्रणितानं प्रायमर मोजून कालवला, राकेशच्या तोंडावर मास्क चढवला, स्प्रे गन त्याच्या हातात दिली आणि सांगितलं: दोन हात, पातळ, मध्ये अर्धा तास. मग ती व्हायोला ऐकायला गेली. परत आली तेव्हा व्हॅनवर तीन हात बसले होते आणि राकेश खुशीत होता.

"उरला होता ना," तो म्हणाला. "कालवलेला. टाकून कशाला द्यायचा?"

त्यांच्या घरी उरलेल्या भाताला फोडणी मिळते, उरलेल्या भाजीचे पराठे होतात आणि दह्याचे रिकामे डबे दहा-दहा वर्षं नोकरी करतात. त्याच न्यायानं उरलेला प्रायमर व्हॅनच्या अंगी लागला होता. पंचतारांकित पगार घेणाऱ्या माणसाच्याही हातून डब्याच्या तळाशी राहिलेलं फेकवत नाही, हा संस्कार कुठल्याही विद्यापीठात पुसला जात नाही.

प्रणितानं ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागे हिशेब मांडला. डब्यावर सोळा तास लिहिले होते, ते दोन हातांसाठी. थर दीडपट झाला की त्यातलं द्रावण बाहेर पडायला दीडपट नाही, सव्वादोनपट वेळ लागतो. म्हणजे छत्तीस तास. तेही सत्तर अंश फॅरनहाइटला. काकांच्या गॅरेजात पन्नास होते. तापमान एवढं उतरलं की रसायन निम्म्या वेगानं चालतं. म्हणजे बहात्तर. बुधवारी संध्याकाळी सातपासून बहात्तर तास म्हणजे शनिवारी संध्याकाळी सात. रॅली शनिवारी सकाळी अकरा.

"पण डब्यावर सोळा लिहिलंय," राकेश म्हणाला.

"डब्यावर सत्तर अंशही लिहिलंय."

"ते बारीक अक्षरात असतं गं."

इथे एक सांगायला हवं. या मंडळींपैकी कुणीही मुहूर्त मानत नाही. लग्नं, गृहप्रवेश, नव्या गाडीची पहिली फेरी, सगळं सोयीच्या वाराला होतं, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान आहे. प्रणितालाही होता. फक्त त्या रात्री तिच्या मनात आलं, की पंचांगवाला भटजीसुद्धा अडलंच तर पुढच्या आठवड्यातला एखादा चांगला दिवस काढून देतो. शाळेच्या पार्किंगचा परवाना मात्र तसा दुसरा दिवस काढून देत नाही.

तिनं मार्ग काढला. गुरुवारी सकाळी सातला ती घरातले दोन विजेचे हीटर घेऊन काकांकडे गेली आणि गॅरेज सत्तरवर आणून ठेवलं. रात्रीचे बारा तास निम्म्या वेगानं गेलेले, म्हणजे सहा तासांचं काम झालेलं. उरले तीस. शुक्रवारी दुपारी एक. दोनला घासायला बसायचं, चारला निळा. रात्रभर वाळून शनिवारी चालण्याच्या वेगानं अर्धा मैल जायला हरकत नाही. कुठेही सांड-लवंड चालणार नव्हती, पण बसत होतं. शुक्रवारी अर्धा दिवस रजा टाकली.

गुरुवारी संध्याकाळी तिनं जाऊन पाहिलं तर उजव्या बाजूला नऊ बोटं उमटली होती. समितीतल्या प्रत्येकानं कामावरून घरी जाता-जाता डोकावून, वाळलंय का ते जातीनं तपासलं होतं. एकाच्या मताला दुसऱ्याचा दुजोरा असावा म्हणून आठव्यानं सातव्याच्या बोटाशेजारीच बोट लावलं होतं. तो स्वतःला डेटा-ड्रिव्हन म्हणवतो. तिनं ग्रुपवर सविस्तर मेसेज टाकला: हात लावू नका, दार उघडू नका, हीटर हलवू नका. त्याला सतरा अंगठे आले. शिवाय गॅरेजच्या दारावर आत जाऊ नये अशी पाटीही चिकटवली. काकांनी ती वाचली आणि मान डोलावली. पाटी चांगल्या अक्षरात होती, आणि उघडच ती इतरांसाठी होती. गॅरेज त्यांचंच होतं.

शुक्रवारी दोनला पाच कमी असताना प्रणिता काकांच्या ड्राइव्हवेवर उतरली. बाहेर एप्रिलचा चुकार बर्फ भुरभुरत होता. आणि त्या थंडीत, बंद दाराच्या फटीतून, जिरं, हिरवी मिरची आणि तळलेल्या डाळीचा असा काही वास येत होता की क्षणभर तिला भूकच लागली. मग तिला कळलं ती काय हुंगतेय, आणि तिनं धावत जाऊन दार उघडलं.

दर जयंतीला डाळवडे काका स्वतः तळत. चारशे. घराला वास लागू नये म्हणून गॅरेजमध्ये, विजेच्या मोठ्या शेगडीवर. नोव्हायमधल्या अर्ध्या भारतीय घरांचं दुसरं स्वयंपाकघर गॅरेजमध्येच असतं. यंदा काकांची इथली शेवटची जयंती. सकाळी दहाला त्यांनी कढई चढवली आणि दीडला शेवटचा घाणा काढला. बाहेर बर्फ म्हणून दार बंद. आणि शेजारच्या खणात, सहा फुटांवर, मऊ प्रायमर अंगावर घेऊन व्हॅन उभी.

"ये ये, जय भीम," काका झारा हातात घेऊन म्हणाले. गेल्या दोन वर्षांत तिनं त्यांना इतक्या आनंदात पाहिलं नव्हतं. "बघ, तुझं गॅरेजही गरम ठेवलं. ऐंशीवर गेलं होतं."

तिनं जय भीम म्हटलं, एक वडा घेतला, आणि वडा फार छान झालाय असं सांगितलं. तो झालाच होता. काका नीनाशी फोनवर बोलायला आणि उरलेल्या बॅगा भरायला आत गेले.

मग तिनं बाटलीतून पाण्याचा एक थेंब व्हॅनच्या दारावर टाकला. स्वच्छ प्रायमरवर थेंब पसरतो. हा तुपकट ताटावर बसावा तसा गोल होऊन बसला. तिनं टपावर टाकला, बॉनेटवर टाकला, मागच्या दारावर टाकला. सगळीकडे मोत्यासारखे थेंब. साडेतीन तास कढईवरून उठलेलं तेलाचं धुकं समान न्यायानं सर्वांगावर बसलं होतं.

राकेश शुक्रवारी घरून काम करतो. तिनं फोन केल्यावर तो दहा मिनिटांत आला. हे सगळं त्याला माहीत होतं. सकाळी वडे भरायला डबे त्यानंच आणून दिले होते.

"काकांना नाही कोण म्हणणार?" तो म्हणाला. "आणि तूच म्हणत होतीस ना, गरम पाहिजे."

त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. उष्णतेचं गणित त्यानं अचूक पाळलं होतं. प्रायमर दुपारपर्यंत वाळला असता, वाळलाही होता बहुतेक. फक्त तो चारशे वड्यांसकट वाळला होता.

तीनपर्यंत मीरा लॅपटॉपसह आली, आणखी चौघे आले. प्रत्येकानं आल्या-आल्या एकेक वडा खाल्ला आणि त्याच बोटानं व्हॅन तपासली. प्रणितानं सांगितलं की यावर निळा बसणार नाही. मीरानं विचारलं की बसणार नाही म्हणजे किती टक्के बसणार नाही. आरशावाला म्हणाला, नुसतं पुसून घेऊ. मग प्रणितानं मागचं दार खास द्रावणानं तीनदा पुसलं, वाऱ्यावर सुकवलं, गनमध्ये थोडा निळा भरला आणि सगळ्यांना उभं करून दारावर एक हात मारला.

दहा सेकंद तो निळा फार सुंदर दिसला. पाच आठवडे ज्याच्यासाठी भांडले तो हाच. मग एक बारीक टिपका उघडा पडला. त्याच्या शेजारी दुसरा. निळा त्या जागांवरून अंग चोरून बाजूला सरकत गेला आणि मिनिटभरात दारभर गोल खड्डे पडले, प्रत्येकाच्या तळाशी राखाडी बुबुळ. लॅबमध्ये त्यांना माशाचे डोळे म्हणतात. शंभर-दीडशे मासे समितीकडे बघत होते.

"टेक्स्चर म्हणून वाईट नाही," आरशावाला म्हणाला.

मीरानं तिचा तक्ता काढला आणि शांतपणे पर्याय मांडले. उद्या लांबून कुणाला दिसणार नाही. फोटोत तर नाहीच. निळा आज मारू, काका चालवतील, आणि नंतर सवडीनं काढून पुन्हा करू. नंतर म्हणजे कधी, कोण, हे रकाने रिकामे होते. तिनं हात वर करायला सांगितलं. सहापैकी पाच हात वर गेले. लोकशाहीवर या लोकांची गाढ श्रद्धा आहे आणि ती योग्यच आहे. फक्त तेल-पाण्याचं भांडण आजवर कुठल्याही सभेत बहुमतानं मिटलेलं नाही.

प्रणिता बैठकीत सहसा बोलत नसे. तिला बोललेलं वाक्य परत घेता येत नाही याची फार धास्ती. पण इथे तिनं दहा वर्षं असं म्हटलं होतं, आणि ते काकांना म्हटलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "असा मारला तर दिवाळीआधी पोपडे सुटतील आणि पुढच्या हिवाळ्यात मीठ आत जाईल. ही गाडी काकांनी तुम्हाला एका दिवसाच्या फोटोसाठी दिलेली नाही. मी मारणार नाही आणि गन मी घरी घेऊन जातेय."

ती खरंच गन खोलून पेटीत भरायला लागली. मीरानं विचारलं, मग नीट करायला किती वेळ. पुन्हा घासून, धुऊन, एक पातळ हात देऊन, वाळवून. सोमवार संध्याकाळ.

सोमवार. काकांचं विमान रविवारी.

आणि तेव्हाच आतलं दार उघडून काका पायरीवर आले. त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले, मग मागचं दार पाहिलं. "काय झालं?"

आता एक मोठी अडचण होती. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं उत्तर दोन शब्दांचं होतं: वड्यांचं तेल. प्रणितानं आयुष्यात एकही निष्कर्ष बदलून लिहिलेला नव्हता. काकांच्या हातात अजून झारा पुसायचं फडकं होतं. तिनं तोंड उघडलं.

"माझ्यामुळे झालं काका," राकेश म्हणाला. "हिनं दोन हात सांगितले होते. मी तीन मारले. उरला होता म्हणून. वाळलाच नाही तो."

राकेशनं गेल्या चौदा वर्षांत एकही चूक स्वतःच्या नावावर घेतली नव्हती. घरात हरवलेली किल्लीसुद्धा तो "सिस्टिमिक इश्यू" म्हणत असे. प्रणितानं त्याच्याकडे पाहिलं. तो काकांच्या पायांकडे बघत होता. उरलेल्या समितीनंही अचानक एकमतानं जमीन न्याहाळायला सुरुवात केली.

"मग उद्या?" काका म्हणाले.

"उद्या राखाडी, काका," प्रणिता म्हणाली. "निळी सोमवारी होईल. आज केली तर निघून येईल."

काही चित्रपटांत अशा वेळी म्हातारी माणसं हसतात आणि रंगात काय आहे असं म्हणतात. काका तसं काही म्हणाले नाहीत.

"मला निळी चालवायची होती गं," ते म्हणाले, आणि आत गेले.

शनिवारी अकराला रॅली निघाली. दीडशे माणसं, निळे झेंडे, लेझीम, आणि सगळ्यांच्या पुढे राखाडी व्हॅन. काकांचे डोळे म्हणून शेजारी कुणीतरी बसावं असं ठरलं आणि तांत्रिक सल्लागार तिथे बसली. मागे नव्या फडताळांच्या मधे अनिका, मांडीवर खिरीचं भांडं सांभाळत. "इट लुक्स लाइक अ हिप्पो," ती म्हणाली, आणि मग आईचा चेहरा पाहून, "बट लाइक, अ नाइस हिप्पो."

निघण्याआधी मीरानं माइकवरून जाहीर केलं की गाडी राखाडी ठेवण्याचा निर्णय समितीनं विचारपूर्वक घेतला आहे. चळवळीचं काम अजून अपुरं आहे. पाया तयार आहे, वरचा रंग पुढच्या पिढीनं चढवायचा आहे. लोकांनी जोरदार टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत एका काकूंनी डोळे पुसले. आरशावाल्यानं प्रणिताला अंगठा उंचावून शाबासकी दिली. तिच्या छत्तीस तासांचं, सत्तर अंशांचं आणि सव्वादोनपटीचं अशा रीतीनं प्रतीक झालं. संशोधनाचं सार्वजनिक जीवनात इतक्या झटपट उपयोजन झाल्याचं तिनं याआधी पाहिलं नव्हतं.

काका सावकाश चालवत होते. ताशी तीन मैल. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ. पहिलं वळण गेल्यावर ते समोर बघतच म्हणाले, "तेलानं ना?"

तिनं समोरच्या राखाडी बॉनेटकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो, काका."

"वाटलंच. काल अंथरुणात पडलो आणि लक्षात आलं. आमच्या प्लँटमध्ये पेंट शॉपला डोक्याला तेल लावून आलेल्या माणसाला घरी पाठवत. एकतीस वर्षं बघितलं मी ते." पुढे लेझीमवाली पोरं थांबली तसा त्यांनी ब्रेक दाबला. "आणि काल तीन तास उभा राहून स्वतःच्या गाडीला तळत होतो."

"वडे चांगले झालेत."

"ते होणारच." लेझीम पुढे सरकली. काकांनी ब्रेक सोडला. "राकेशला सांगू नको मला कळलंय म्हणून. पहिल्यांदाच कशाची तरी जबाबदारी घेतलीय पोरानं. मोडू नको."

"नाही सांगणार."

"सोमवारी नक्की?"

"सोमवारी लावीन. मंगळवारी वाळेल."

"मग वाळल्याशिवाय फोटो पाठवू नको," काका म्हणाले. "ओल्याचा पाठवलास तर मी बघणार नाही."

हॉलच्या दाराशी त्यांनी गाडी दोन रेघांच्या बरोबर मध्ये लावली, इंजिन बंद केलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. ग्लव्ह बॉक्स उघडून आत पाहिलं, मोज्यांचे पाच जोड आहेत याची खात्री केली आणि परत बंद केला. वडे पहिल्या वीस मिनिटांत संपले.

रविवारी काका गेले. विमानतळावर त्यांना मीरानं तिच्या नव्या गाडीतून नेलं; त्या गाडीला स्वतःहून आपल्या लेनमध्ये राहता येतं आणि काकांना ते अजिबात आवडलं नाही, असं तिनंच ग्रुपवर कळवलं. त्याच दुपारी प्रणितानं व्हॅन घासली, धुतली, थेंब टाकून पाहिला, पुन्हा धुतली. या वेळी थेंब पसरला. एक पातळ हात दिला. मिक्स केलेलं चार चमचे उरलं, ते तिनं राकेशच्या डोळ्यांदेखत जुन्या वर्तमानपत्रावर ओतून वाळत घातलं. राकेशनं दुसरीकडे पाहिलं. सोमवारी सहाला ती एकटी गॅरेजमध्ये गेली आणि दार आतून लावून घेतलं. बाहेर समितीतले तिघे प्रगतीचा आढावा घ्यायला आले होते, ते थोडा वेळ ठोठावून गेले.

मंगळवारी संध्याकाळी तिनं व्हॅन ड्राइव्हवेवर काढली. बर्फ गेला होता, ऊन तिरपं आलं होतं आणि दारांवर, टपावर, मागे, कुठेही एकही डोळा नव्हता. नऊ बोटांपैकी एकही नव्हतं. तिनं एकच फोटो काढला, काकांना पाठवला आणि खाली लिहिलं: पंचवीस तास. वाळलाय.

मग नीनाचा मेसेज आला. बाबांनी चष्मा लावून पाहिला, मग चष्मा काढून पाहिला, असं तिनं लिहिलं होतं. आणि मग फोनच्या काचेला बोट लावून बघितलं.